खाडीकाठचा मायक्रॉन

ठाण्याहून सुटलेली ट्रान्स-हार्बर लोकल ऐरोली, रबाळे, घणसोली घेत कोपरखैरण्यात शिरते, तेव्हा डब्याच्या दोन दारांतून दोन निराळी शहरं दिसतात. पश्चिमेच्या दारातून सिडकोचे सेक्टर, एकाला एक चिकटलेली घरं, गच्चीवरच्या टाक्या आणि वाळत घातलेले कपडे. पूर्वेच्या दारातून ठाणे-बेलापूर रस्ता, त्यापलीकडे एमआयडीसीची पत्र्याची छपरं आणि सगळ्यांच्या पाठीशी पारसिकचा डोंगर. गाडी थांबली की बहुतेक गर्दी पश्चिमेला वळते. मला जायचं होतं पूर्वेला.

निमित्त होतं मायक्रॉनचं. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक म्हणजे मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस साधारण साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. पंपाचा शाफ्ट, व्हॉल्व्हची सीट, गोळ्या पाडायचे पंच, हाडात बसवायचे स्क्रू, विमानाचे आणि रॉकेटचे सुटे भाग असला माल दोन-पाच मायक्रॉनच्या आत बसवावा लागतो. तो बनवायची यंत्रं आणि हत्यारं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पार बदलली. ही नवी मंडळी बड्या कंपन्यांच्या चकचकीत शेडमध्ये कशी दिसतात ते माहितीपत्रकांत दिसतंच. ती साध्या गाळ्यात कशी नांदतात, ते मला बघायचं होतं.

पण पूर्वेला काम करणारे राहतात पश्चिमेला, म्हणून आधी तिकडेच चक्कर मारली. कोपरखैरणे, खैरणे, बोनकोडे ही मूळची आगरी-कोळ्यांची गावं. भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासळी यांवर चाललेली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. मोबदल्यावरून जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-जासई भागात आंदोलन पेटलं, गोळीबारात पाच शेतकरी गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. गावठाणात फिरताना हा इतिहास अजून इमारतींच्या बांधणीत वाचता येतो: अरुंद बोळ, मधेच एखादं कौलारू घर, त्याला खेटून साडेबारा टक्क्यांतली पाच मजली इमारत आणि तळमजल्यावर मोबाइलचं दुकान.

कोपरखैरण्याची दुसरी वस्ती माथाड्यांची. मुंबईतले मशीद बंदर, भायखळ्याचे घाऊक बाजार खाडीपलीकडून उचलून तुर्भे-वाशीला आणले गेले, कांदा-बटाटा १९८१ मध्ये आणि बाकीचे नव्वदच्या दशकात. त्या बाजारांमागोमाग पाठीवर गोणी वाहणारा कामगारही इकडे आला. त्यातले बहुतेक सातारा जिल्ह्यातले, पाटण-जावळीकडचे. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला होता. पुढे घरंही मिळाली. तीन टाकीच्या आसपासच्या सेक्टरांत आजही सकाळी कानावर पडणारी मराठी कोयनाकाठची असते.

माझा वाटाड्या त्याच घरांतला. वडील मसाला मार्केटात तोलणार, म्हणजे वजन करणारे. मुलाने आयटीआयला मशिनिस्टचा ट्रेड केला आणि आता तो पूर्वेच्या एका गाळ्यात सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रांचा सेटर आहे. ‘बाबा किलोत मोजायचे, मी मायक्रॉनात मोजतो, पगारात मात्र अजून फार फरक पडला नाही, काका,’ असं तो चालता चालता म्हणाला आणि स्वतःच हसला. त्याच्यासारखी पुष्कळ मुलं रोज सकाळी स्टेशनखालच्या भुयारी वाटेने पूर्वेला जातात. खांद्याला सॅक, सॅकमध्ये डबा. कुणाकुणाच्या सॅकमध्ये स्वतःच्या पैशांनी घेतलेला डिजिटल व्हर्नियरही असतो. मालकाचा व्हर्नियर दहा हातांतून जातो, त्यावर विश्वास कोण ठेवणार?

ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला की हवा बदलते. एकेकाळी ती नाकाला झोंबायचीही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, १९६२ मध्ये स्थापन झालं आणि त्याने आखलेल्या सुरुवातीच्या मोठ्या वसाहतींपैकी ही एक, ट्रान्स ठाणे क्रीक, बोलीभाषेत टीटीसी. दिघ्यापासून तुर्भे-नेरुळपर्यंत डोंगर आणि रस्ता यांच्यामधली लांबलचक पट्टी. इथली पहिली शान रसायनांची. मफतलाल आणि शेल यांच्या भागीदारीतल्या नोसिलने १९६८ मध्ये इथे नाफ्था क्रॅकर चालू केला आणि देशातल्या पेट्रोरसायन उद्योगाच्या अगदी सुरुवातीच्या कारखान्यांत त्याची गणना झाली. त्याच्या आगेमागे रंग, औषधं, खतं, प्लास्टिक बनवणारे कारखाने रांगेने उभे राहिले.

नोसिलचा क्रॅकर आज नाही. घणसोली-कोपरखैरण्याच्या हद्दीवर रिलायन्सचं अवाढव्य कॉर्पोरेट पार्क आहे, महापे-ऐरोलीत आयटी पार्क आहेत, आणि अलीकडे खिडक्या नसलेले, आतून थंडगार असे डेटा सेंटरचे ठोकळे उगवताहेत. पण रसायनांनी मागे एक वारसा ठेवला, त्याची दखल फारशी कुणी घेत नाही. आम्ल आणि द्रावकं खेळवणाऱ्या कारखान्यात रोज काहीतरी गळतं, झिजतं, अडकतं. पंपाचा शाफ्ट, सील, व्हॉल्व्ह दुरुस्त करायला जवळपास चांगला टर्नर लागतो. साठ-सत्तरच्या दशकांपासून हे टर्नर खैरणे-पावण्याच्या गल्ल्यांत छोटे गाळे घेऊन बसले. इथला मायक्रॉन आला तो या गळतीच्या दुरुस्तीतून. मला जे गाळे दिसले त्यांतल्या बऱ्याच मालकांची कहाणी एखाद्या केमिकल प्लँटच्या मेंटेनन्स विभागाशी जाऊन भिडत होती.

पहिला मुक्काम मेकॅनिकल सीलच्या गाळ्यात झाला आणि पहिलाच धक्का तिथे बसला. पंपाचा फिरता शाफ्ट आणि स्थिर बॉडी यांच्या सांध्यातून द्रव बाहेर येऊ नये म्हणून दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात. साधारणपणे एक कार्बनची असते, दुसरी सिलिकॉन कार्बाइडची. त्या चकत्यांचे चेहरे इतके सपाट लागतात की मधली फट द्रवाच्या एका पातळशा पटलाएवढीच राहावी. हे काम कुठलं संगणकीय यंत्र करत असेल, अशा समजुतीने मी आत गेलो होतो. आत होती एक सावकाश फिरणारी गोल लोखंडी प्लेट, तिच्यावर हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट, आणि तिच्यावर गोल गोल सरकणाऱ्या चकत्या. लॅपिंग म्हणतात याला. भिंगं घासणाऱ्यांनी शतकानुशतकं हेच केलं.

तपासणी त्याहून देखणी. कोपऱ्यातल्या पेटीत हेलियमचा पिवळसर-नारिंगी दिवा लावलेला. चकती कापडाने पुसून, फुंकर मारून त्याखाली ठेवली आणि तिच्यावर काचेचा एक जाड, पारदर्शक गोल ठेवला. काचेचा तळ स्वतः अतिसपाट असतो, त्याला ऑप्टिकल फ्लॅट म्हणतात. काही क्षणांत चकतीवर काळ्या-पिवळ्या पट्ट्या उमटल्या. काच आणि चकती यांच्यामधल्या हवेच्या पाचरीतून परावर्तित झालेल्या प्रकाशलहरी एकमेकींना मारतात किंवा साथ देतात, त्यातून या पट्ट्या उमटतात. एका पट्टीपासून दुसऱ्या पट्टीपर्यंत उंचीतला फरक ०.२९ मायक्रॉन. पट्ट्या सरळ आणि समांतर असतील तर चेहरा सपाट. वाकल्या तर किती वाकल्या त्यावरून खड्डा किंवा फुगवटा कळतो. तपासणाऱ्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, डोकं तिरकं केलं आणि सांगितलं, ‘दोन बँड. पास.’ म्हणजे पाऊण मायक्रॉनहूनही कमी. ना पडदा, ना आकडा, ना प्रिंटआउट. त्या सबंध गल्लीतलं सर्वांत बारीक माप एका दिव्यावर आणि एका काचेवर ठरत होतं. शेजारच्या गाळ्यातली कोटीभराची यंत्रं या मापाच्या जवळपासही येत नाहीत.

तिथून दोन वळणं पुढे वायरकटचा गाळा. इथे मात्र यंत्राची करामत होती. पाण्याने भरलेल्या टाकीत पोलादाचा ठोकळा बुडवलेला आणि त्यातून पाव मिलिमीटर जाडीची पितळी तार वरून खाली सरकत होती. तार ठोकळ्याला शिवत नाही. दोघांमध्ये सूक्ष्म फट ठेवून सेकंदाला हजारो ठिणग्या पाडल्या जातात आणि प्रत्येक ठिणगी पोलादाचा एक कण वितळवून उडवते. आतलं पाणी साधं चालत नाही, क्षार काढलेलं लागतं. पोलाद कितीही कठीण केलेलं असो, वीज त्यातून वाहते ना, मग ते कापलं जातं. औषधाच्या गोळ्यांचे डाय, प्रेस टूलचे पंच, गिअरचे साचे इथून निघतात.

ही युक्ती युद्धातून आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत संघात बोरिस आणि नताल्या लाझारेन्को या दांपत्याला इंजिनाच्या इग्निशनमधले विजेचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी झिजतात ते थांबवायचं काम दिलं होतं. झीज काही थांबली नाही. पण ठिणगीने धातू हवा तसा खरवडता येतो हे त्यांनी ओळखलं आणि १९४३ मध्ये त्यातून यंत्रच उभं केलं. आपल्याकडे पुण्याच्या श्रीकांत पोफळे यांच्या इलेक्ट्रॉनिकाने अशी यंत्रं देशात बनवायला घेतली, म्हणूनच वायरकट ही वस्तू लहान गाळेवाल्याच्या आवाक्यात आली. गल्लीत ‘इलेक्ट्रॉनिका आहे का?’ असं विचारलं की माणूस कंपनीविषयी विचारत नसतो, तुमच्याकडे वायरकट आहे का एवढंच त्याला हवं असतं.

दुपारच्या उन्हात वाटाड्याच्या गाळ्यावर पोचलो. बाहेर पत्रा तापलेला, आत काचेचं दार लावलेल्या खोलीत एसी चालू. मी सुखावलो तर तो म्हणाला, ‘हा एसी आपल्यासाठी नाही, जॉबसाठी आहे.’ जॉब म्हणजे यंत्रावर घडवला जाणारा तुकडा. एसीमागचं गणित असं. जगभर लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरायची, असं १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. मे महिन्यात गाळ्यात ३५ अंश असतील तर १०० मिलिमीटरचा शाफ्ट नुसत्या उकाड्याने १७ मायक्रॉन लांब होतो. सहनमर्यादा जर पाच मायक्रॉनची असेल तर ठाण्याच्या उन्हाळ्यानेच जॉब रिजेक्ट केला म्हणायचा. म्हणून मशीनवरून उतरलेला जॉब आधी या खोलीत तासन्‌तास नुसता बसवून ठेवतात, मगच मोजतात. सकाळी कामाला लागण्याआधी मशीनही अर्धा तास रिकामं फिरवतात. थंड स्पिंडलवर काढलेला पहिला जॉब आणि गरम स्पिंडलवरचा दहावा जॉब यांची मापं जुळत नाहीत.

पावसाळ्यात निराळीच कटकट. खाडीची दमट हवा, त्यात औद्योगिक पट्ट्याची. ग्राइंड केलेला चेहरा उघडा राहिला तर सकाळपर्यंत तांबूस ठिपके. त्यात काही माणसांचा घाम असा असतो की बोट लागलं तिथे दुसऱ्या दिवशी गंज चढून ठसा उमटतो. अशा माणसाला फायनल तपासणीच्या टेबलावर बसवत नाहीत. आमच्या सेटरने एक तरणाबांड ऑपरेटर दाखवला. कामाला पक्का, पण त्याला हातमोजे सक्तीचे. त्याच्या बोटांचे ठसे एका पार्टीच्या मालावर उमटून सातासमुद्रापलीकडे जाऊन परत आले होते.

यंत्र स्वतः बाहेरून फ्रिजएवढं निर्विकार. आत चकमध्ये जॉब फिरतो, टरेटवरची हत्यारं आळीपाळीने पुढे येतात आणि कूलंटचा पांढरट फवारा सगळं झाकून टाकतो. या यंत्रांची कूळकथा अमेरिकेतली. हेलिकॉप्टरच्या पंख्यांची वळणं हाताने काढायची जिकीर जॉन पार्सन्सला नको होती. त्याने वक्राचे बिंदू आकड्यांत मांडले, आणि १९५२ मध्ये एमआयटीच्या प्रयोगशाळेत छिद्रांच्या पट्टीवरून चालणारं मिलिंग मशीन जगाला दाखवलं गेलं. हातचाकं फिरवणारा टर्नर तेव्हापासून हळूहळू मागे सरत गेला. पण पूर्ण गेला नाही. सेटर जॉबला हात लावण्याआधी कान लावतो. हत्याराची टिप बोथट होऊ लागली की आवाज खरखरतो, कापून निघणाऱ्या चिपचा रंग बदलतो. निळसर कुरळ्या चिपा सुटत असतील तर उष्णता चिपेबरोबर निघून चालली आहे असं समजायचं. हे पडद्यावर दिसत नाही.

खरी क्रांती यंत्रापेक्षा हत्याराच्या टोकाला झाली, असं माझं मत तिथे उभं राहून झालं. सेटरने तळहातावर एक इन्सर्ट ठेवला. नखाएवढा चौकोनी तुकडा, मधे भोक, कडेला सोनेरी-जांभळी झाक. टंग्स्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टमध्ये भट्टीत सांधून तो बनतो. जर्मनीत क्रुपने विसाच्या दशकात हे मिश्रण ‘विडिया’ नावाने बाजारात आणलं. हिऱ्यासारखा, अशा अर्थाच्या जर्मन शब्दांवरून ते नाव पडलं, आणि आपल्याकडच्या जुन्या कारागिरांच्या तोंडी ‘विडिया टिप’ अजून आहे. त्या सोनेरी-जांभळ्या झाकेची जाडी दोन-चार मायक्रॉन. टायटॅनियम नायट्राइड किंवा टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडचा हा लेप निर्वात पात्रात चढवतात. टोक आठशे-नऊशे अंशांपर्यंत तापलं तरी तो कार्बाइडला वाचवतो. जुनं हायस्पीड स्टीलचं टूल टर्नर स्वतः ग्राइंडरवर धार लावून वापरायचा आणि प्रत्येकाची धार निराळी असायची. इन्सर्ट बोथट झाला की स्क्रू ढिला करून फिरवायचा, दुसरा कोपरा पुढे आणायचा. माप तेच राहतं. धार लावण्याची कला गाळ्यातून गेली, ती स्वीडन-जर्मनी-जपानच्या भट्ट्यांकडे. सेटरला त्याचं वाईट वाटत नाही. ‘ग्राइंडरवर बोट गेलेली माणसं मी पाहिलीत,’ एवढंच तो म्हणाला.

दुसरं टोक माणकाचं. माप घेण्यासाठी जॉब उतरवायचा, मोजायचा, परत चढवायचा, हा जुना रिवाज. परत चढवताना चार मायक्रॉन इकडेतिकडे व्हायचेच. आता हत्याराच्या जागी एक प्रोब येऊन बसतो, त्याच्या टोकाला मोहरीपेक्षा थोडा मोठा लालभडक गोल मणी. तो कृत्रिम माणकाचा. मणी जॉबला अलगद शिवतो, टक्, मागे सरतो, दुसऱ्या बाजूला टक्, आणि यंत्र आपली चूक आपणच दुरुस्त करून पुढे कापायला घेतं. १९७२ मध्ये ब्रिटनच्या डेव्हिड मॅकमर्ट्रीने हा प्रोब बनवला तो काँकॉर्ड विमानाच्या इंजिनातल्या बारीक नळ्या मोजण्यासाठी; पुढच्या वर्षी त्यातून रेनिशॉ कंपनी निघाली. विमान संग्रहालयात गेलं, प्रोब खैरण्याच्या गाळ्यापर्यंत आला.

फाइव्ह-ॲक्सिस यंत्र बघायला महाप्याकडे सरकावं लागलं. तिथे गाळे संपतात आणि स्वतंत्र शेड सुरू होतात. तीन अक्षांवर हत्यार डावी-उजवीकडे, पुढे-मागे, वर-खाली जातं. इथे वर दोन अक्षांत जॉब किंवा हत्यार कलतंही. त्यामुळे पंपाच्या इंपेलरची पिळदार पाती एकाच चढवणीत निघतात. एकदा पकडलेला जॉब सोडायचा नाही, हीच अचूकतेची गुरुकिल्ली. असलं यंत्र देशात बनतं, बरंचसं बाहेरून येतं आणि किंमत कोटींत असते.

मला थक्क केलं ते मालकाने दाखवलेल्या एका अटीने. जपानी बनावटीच्या अशा पुष्कळ यंत्रांत हलवल्याची नोंद घेणारा संवेदक बसवलेला असतो. यंत्र जागेवरून उचललं की ते स्वतःला कुलूप लावून घेतं आणि कंपनीचा माणूस येऊन खातरजमा करेपर्यंत चालू होत नाही. स्वतःच्या पैशांनी घेतलेलं यंत्र शेजारच्या शेडमध्ये न्यायलाही विचारावं लागतं! याचं मूळ शीतयुद्धात आहे. १९८१ ते १९८४ च्या दरम्यान जपानच्या तोशिबा मशीन कंपनीने नॉर्वेच्या काँग्सबर्गच्या नियंत्रकांसह मोठी बहुअक्षीय मिलिंग यंत्रं लेनिनग्राडच्या गोदीला विकली. त्यांवर पाणबुड्यांचे पंखे इतके सफाईदार निघू लागले की त्यांचा पाण्यातला आवाज घटला, असा अमेरिकेचा आरोप होता. १९८७ मध्ये प्रकरण फुटलं तेव्हा अमेरिकी लोकप्रतिनिधींनी कॅमेऱ्यांसमोर घण घालून तोशिबाचा टेपरेकॉर्डर फोडला. तेव्हापासून अशा यंत्रांच्या निर्यातीवर कडक नजर आली. अशा निर्यातीचे नियम ठरवणाऱ्या वासेनार करारात भारत २०१७ मध्ये सामील झाला, तरी यंत्राच्या पोटातला पहारेकरी आहे तिथेच आहे. मालकाने मात्र मशीनवर दसऱ्याचा झेंडू अजून वाळत ठेवला होता आणि नियंत्रकाच्या पडद्याशेजारी कुंकवाचं बोट ओढलेलं. खंडेनवमी-दसऱ्याला मराठी मालक हत्यारं पुजतात, १७ सप्टेंबरला उत्तर प्रदेश-बिहारचे ऑपरेटर विश्वकर्मा मांडतात. एकाच यंत्राला वर्षातून दोन वेळा हार पडतात आणि दोन्ही दिवशी उत्पादन बंद. जपानी इंजिनिअरला हे कळलं आहे आणि त्या दिवशी तो भेटीची वेळ मागत नाही.

त्याच शेडच्या टोकाला धातू छापणारं यंत्र होतं. धातूच्या भुकटीचा तीस-चाळीस मायक्रॉनचा थर पसरायचा, लेझरने हवा तेवढाच भाग वितळवायचा, वर पुढचा थर. याच्याविषयी बाहेर फार गवगवा आहे, म्हणून मी बारकाईने विचारलं. कामाचं आहे ते साच्यांसाठी. प्लास्टिकच्या साच्यात थंड पाण्याची वाट ड्रिलने सरळच पाडता येते. छापताना ती साच्याच्या आकाराबरोबर वळवता येते आणि माल लवकर थिजतो. पण छापून निघालेला पृष्ठभाग खरखरीत असतो. बसवायच्या जागा शेवटी मिलिंग, ग्राइंडिंग, कधी लॅपिंग करूनच मापात येतात. छपाई मायक्रॉनचं काम करते, ही समजूत निदान या शेडमध्ये कुणाची नव्हती.

मोजमापाच्या खोलीत काळ्या ग्रॅनाइटचं भलंमोठं टेबल होतं, त्यावर मापन यंत्राचा पूल सरकत होता. खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसत होता, तोही काळा, पण बेसॉल्टचा. त्यात वायूच्या बुडबुड्यांची भोकं आणि भेगा फार. मापाचं टेबल दक्षिणेतल्या ग्रॅनाइटचं लागतं. आपल्या डोंगराचा दगड खडीच्या कामाचा. पारसिकच्या दगडखाणींनी नवी मुंबईचे रस्ते आणि इमारती उभ्या केल्या, आणि गवळी देवाच्या बाजूचे पावसाळी धबधबे सोडले तर डोंगराचे बरेच लचके तोडून झाले आहेत. टेबलावर एका छोट्या लाकडी पेटीत गेज ब्लॉक होते. स्वीडनच्या बंदूक कारखान्यातल्या योहान्सनने १८९६ च्या सुमारास कल्पिलेले हे पोलादी ठोकळे इतके गुळगुळीत असतात की एकमेकांवर सरकवून दाबले की चिकटून बसतात. ते मोजणारा मुलगा जोड सोडवताना खेचत नव्हता, पिरगाळत होता.

या सगळ्याचं गिऱ्हाईक कोण? पंपवाले, औषधयंत्रवाले, व्हॉल्व्हवाले हे जुने. नव्यांत संरक्षण आणि अवकाश. नेरुळच्या बाजूला याच टीटीसीत पारस डिफेन्स अवकाशासाठी लागणारी प्रकाशीय उपकरणं बनवते, आणि खाडीच्या पलीकडे विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात इस्रोची विकास इंजिनं तयार होतात. बड्या कंपन्यांच्या कामातले सुटे तुकडे जॉबवर्क म्हणून लहानांकडे येतात, असं गल्लीत ऐकलं. कुठला तुकडा कुठे जाणार हे गाळ्याला बहुधा ठाऊक नसतं. ड्रॉइंगवर फक्त क्रमांक असतो. पैसे नव्वद दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. मला वाटतं, इथला लहान उद्योजक यंत्राच्या हप्त्यापेक्षा या नव्वद दिवसांनी जास्त खचतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी ४५ दिवसांत द्यावीत असा कायदा २००६ पासून आहे. गल्लीत तो सगळ्यांना पाठ आहे, बजावायला मात्र पुढे कुणी येत नाही, कारण पुढची ऑर्डर त्याच पार्टीकडून येणार असते.

परतताना तुर्भ्याच्या दिशेला भंगारवाल्यांची रांग लागते. लोखंडी चिपा ट्रकने भरून उघड्यावर पडलेल्या, पितळेच्या जाळीआड, आणि वापरून बोथट झालेले इन्सर्ट थेट मालकाच्या गल्ल्यात, डब्यात, कुलपाखाली. टंग्स्टनचं सर्वांत मोठं उत्पादन चीनकडे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि बोथट टिपांचे भाव चढले. राजस्थानात डेगाण्याला आपली टंग्स्टनची खाण होती, ती केव्हाच बंद पडली. भंगारवाला किलोने बोलतो, पण कार्बाइड तोलताना खिशातून चुंबक काढतो. पोलादाच्या तुकड्यांची भेसळ चटकन पकडावी लागते, आणि कोबाल्टमुळे कार्बाइडलाही चुंबक थोडा ओढतोच. कमी ओढला म्हणजे माल खरा, जास्त ओढला म्हणजे पोलाद मिसळलंय, हा त्याचा अंदाज. सेटर बाजूला उभा राहून काट्याकडे बघत होता. डब्यात त्याने स्वतः वेचलेल्या टिपा होत्या आणि मालकाने त्यांचे अर्धे पैसे पोरांच्या चहा-वडापावासाठी सोडले होते. भंगारवाल्याने काटा शंभर ग्रॅमला थांबवायचा प्रयत्न केला, तेव्हा मसाला मार्केटातल्या तोलणाराच्या मुलाने ताबडतोब हरकत घेतली.